वाकलेली तलवार

उल्काची तलवार वाकली ती वाकलेलीच राहिली.

परीक्षक हॅडलेंनी तिचं टोक लोखंडी पकडीत आवळलं होतं, मूठ वीतभर बाजूला ओढली होती आणि सोडून दिली होती. थोड्या वेळापूर्वी ग्रॅहम थॉर्नची तलवार अशीच ओढली तेव्हा ती झटक्यात सरळ झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता नॉटिंगहॅमबाहेरच्या त्या छोट्या रोमन संग्रहालयाच्या अंगणात एकही टाळी वाजली नाही.

उल्का साळुंखे पुढे झाली. तिनं तलवार पकडीतून सोडवली, फरशीवर ठेवली, बुटाखाली दाबून सरळ केली आणि हॅडलेंना परत दिली.

"पुन्हा," ती म्हणाली.

संग्रहालयाला नव्या दालनासाठी रोमन सैनिकाची आखूड तलवार हवी होती. ज्याची तलवार निवडली जाईल त्याला तिथली भट्टी चालवायची कायमची नोकरी मिळणार होती. अट एकच होती. तलवार त्या काळच्या रीतीनं झाली पाहिजे. खनिज आणि कोळसा मातीच्या भट्टीत घालून लोखंड स्वतः काढायचं. कारखान्यातलं पोलाद चालणार नाही.

उल्कानं पंधरा वर्षं कॉलेजात धातुकाम शिकवलं होतं. जुलैत कॉलेजनं ते वर्कशॉपच बंद केलं. त्यामुळे ही नोकरी तिला हवीच होती.

अर्जात 'परंपरा' असा एक रकाना होता. थॉर्ननं लिहिलं, सात पिढ्यांचे लोहार. उल्कानं लिहिलं, घिसाडी. हॅडलेंनी फोन करून स्पेलिंग विचारलं, आणि मग ही परंपरा इथली नाही ना, असंही विचारलं. रोमन तरी कुठे इथले होते, असं उल्कानं म्हटल्यावर त्यांनी अर्ज ठेवून घेतला.

भट्टी तिनं आपल्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, वाटाण्याच्या वाफ्याशेजारी घातली. तिची आई द्रौपदी घडीच्या खुर्चीत बसून राहायची. वय शहात्तर. तरुणपणी शेवगावच्या बाजूला गावोगाव पाल ठोकून राहायचे, तेव्हा ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पोलादी कमानपाटे ठोकून विळे-कोयते करताना नवरा सांडशी धरायचा आणि घण ती मारायची. आता घण उल्काकडे होता.

भट्टीतून निघालेले लोखंडाचे पहिले दोन गोळे ऐरणीवर घेताच भुगा झाले. तिसरा टिकला. स्पंजासारखा भोकाभोकांचा तो गोळा ठोकता ठोकता त्यातलं कीट ठिणग्यांसारखं उडून गेलं. त्याच्या पट्ट्या काढल्या, एकावर एक रचल्या, तापवून जोडल्या. आई नुसत्या आवाजावरून सांगायची, आता थांब, थंड झालं. धारेकडचा भाग कोळशाच्या भुकटीत पुरून तासन्‌तास भाजला, म्हणजे तेवढाच कडक व्हावा. मुठीला बैलाचं हाड बसवलं. दोन महिने गेले.

संग्रहालयाच्या अंगणात दुसऱ्यांदाही तलवार वाकली. उल्कानं ती पुन्हा सरळ केली. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी हसलं. थॉर्न जवळ आला आणि मायेनं म्हणाला की लोखंड मऊ राहिलंय, पाणी नीट बसलं नाही. हवं तर माझ्याकडे शिकायला ये.

"जमिनीतून निघालेल्या कितीतरी रोमन तलवारी अशाच मऊ आहेत," उल्का म्हणाली. "माझी वाकते. तिसऱ्यांदा वाकली, तरी मोडली नाही."

हॅडलेंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की बघायला येणाऱ्यांना चांगली तलवार बघायची असते. नाव मागे घेतलंस तर निकालात हरल्याची नोंद होणार नाही, असंही ते म्हणाले.

"नोंद करा," ती म्हणाली. "मी नाव मागे घेत नाही."

त्यांनी खांदे उडवले आणि कागदावर थॉर्नचं नाव लिहिलं. लोक त्याचे फोटो काढू लागले. उल्कानं आपली वाकडी तलवार काखेत धरली आणि गर्दीच्या कडेला बसलेल्या आईची खुर्ची उचलायला वळली. पण द्रौपदी उठेना. त्या थॉर्नची तलवार मला एकदा बघू दे, म्हणाली.

थॉर्न खुशीत होता. त्यानं स्वतः आणून ती तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीला चांगल्या कामाची पारख दिसते, असं कुणीसं म्हणालं.

द्रौपदीनं पातं गुडघ्यावर वाकवून सोडलं. मग नखानं टिचकी मारून ते कानाशी धरलं. धारेवरून अंगठा फिरवला, पुन्हा टिचकी मारली. आणि मग लेकीला मराठीत काहीतरी विचारलं.

उल्का तिच्याकडे बघत राहिली. "आई, नक्की?"

"वीस वर्षं दुसरं काय ठोकलं मी?" द्रौपदी म्हणाली. "विचार त्याला."

थॉर्ननं तलवार परत घ्यायला हात पुढे केला. द्रौपदीनं ती सोडली नाही. हॅडलेंनी हसून विचारलं, आई काय म्हणताहेत?

"ती विचारतेय," उल्का म्हणाली, "हा कमानपाटा कुठल्या ट्रकच्या खालून काढला?"