हरिश्चंद्राचं मत

"काकी, येतास मां मताक?" कुंपणाच्या वईबाहेरून बाबलीने विचारलं. त्याच्या हातात मतदारांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता.

यमुनाबाई अंगणात माडाचे झाप विणत होत्या. "बावन साली घातलंय, सत्तावन साली घातलंय. होडयांक धक्को होतलो म्हणालास. खंय आसा धक्को? माझ्या बोटाक आता कंटाळो इलो रे."

बाबली हसला. सगळं देवबाग असंच बोलत होतं. प्रचाराच्या होडीतला कर्णा खाडीवरून ओरडत जाई आणि कोणी मान वर करत नसे.

तरी यमुनाबाई उठल्या आणि चिठ्ठ्या बघायला वईपर्यंत गेल्या. बराच वेळ तिथेच होत्या.

आत त्यांची सून सत्यवती पाळण्याला झोका देत होती. चार महिन्यांचं पोर रडून रडून दमलं होतं. दूध आटलं होतं. दिवाळीनंतर हरिश्चंद्र मंगळूरहून कौलं आणायला गलबतावर गेला, त्याचं अजून पत्र नाही. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सासूनेही महिनाभर मासळी सोडली होती. "नवस बोललंय," म्हणाल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी सासू अचानक म्हणाल्या, "चल गो, मताक जाव्या."

"कंटाळो इल्लो मां?"

"म्हाताऱ्या माणसाचा मन. फिरला."

पोराला खांद्यावर टाकून सत्यवती निघाली. एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने खाडी. दोन्हीकडचा आवाज डोक्यात मिसळत होता. झोपेत चालल्यासारखी ती वाळू तुडवत होती.

शाळेत कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

सत्यवतीने मान खाली घातली. सकाळपासून अशाच खाली गेलेल्या माना बघून कारकून कंटाळला होता.

"हरिश्चंद्र," यमुनाबाई मोठ्याने म्हणाल्या. "माझो झील. तेचा पण नाव आसतला, बघ थंय."

पेन्सिल एका ओळीवर थांबली. "हरिश्चंद्र विठोबा. यांचं मत पडलंय. सकाळीच."

सत्यवतीच्या बोटाला शाई कधी लागली, शिक्का कुठे मारला, तिला कळलंच नाही.

"मगे घराक कित्याक नाय इले?" वाटेत तिने विचारलं.

"गलबतात माल भरलेलो आसतलो. तांडेल किती वेळ सोडतलो? मत घालून गेलो. येतलो परत."

सत्यवतीला अजून खूप विचारायचं होतं. तिने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाय उचलले. घरी येऊन ती दोन वाडगे पेज जेवली, वर खोबऱ्याची चटणी मागून घेतली. उन्हं कलताना छाती दुधाने भरून आली. पोर पोटभर प्यायलं. शाईचं बोट त्याच्या मुठीत देऊन तीही तिथेच झोपली. ओठांवर हसू होतं.

यमुनाबाईंनी दार हळूच ओढून घेतलं. वईपाशी बाबली उभा होता.

"तेचा मत घातलंस, बरा केलंस रे. पोरगी जेवली."

"माका भय वाटता, काकी. गलबत बुडल्याचो निरोप येवन महिनो झालो. तिका कधी सांगतलास?"

यमुनाबाईंनी एकदा मागे दाराकडे पाहिलं.

"नातवाक दात येवंदेत."