खाकरणं

सयाजीरावांनी बायकोवर, चंद्राबाईवर कधी हात उगारला नाही. तिचं गाणं बाहेर सोप्यापर्यंत ऐकू आलं की ते खुर्चीतून नुसते खाकरायचे, आणि मग दोन दोन दिवस तिच्याशी बोलायचे नाहीत. ती गप्प राहिली की मात्र पाहुण्यांदेखत म्हणायचे, "आमची मंडळी लय शहाणी हाय." त्या एका शब्दासाठी तिनं गळ्यातल्या साऱ्या ओव्या गिळल्या.

सयाजीरावांचं वर्षश्राद्ध झालं. नवी सून संयोगिता शेंगा फोडता फोडता पंचमीचं गाणं म्हणू लागली.

"आत्या, तुमीबी म्हणा की! आता कुणाला भ्यायचं?"

चंद्राबाईच्या ओठांवर ओळ आली. तेवढ्यात खाकरल्याचा आवाज झाला. तिनं दचकून सोप्यातल्या खुर्चीकडं पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. आवाज तिच्याच गळ्यातून आला होता.

सुनेचं गाणं मध्येच तुटलं. मान खाली घालून ती पुटपुटली, "चुकलं माझं, आत्या."

'गा गं बाई, थांबू नको,' असं चंद्राबाईला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "लय शहाणी हाय माझी सून."