सासरचं आडनाव

"ऑग्डा हे आडनाव कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, आत्या," शर्वाणी म्हणाली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच कॅलमबरोबर त्याच्या स्कॉटिश बेटावर आली होती.

कॅलमच्या आत्याने चहा ओतला. "कसं सापडेल? ते इथलं नव्हेच. एका वादळात हिंदुस्थानातून येणारं जहाज इथे फुटलं. त्या रात्री कुणीतरी घरोघरी दारावर थापा मारत एकच शब्द ओरडत होतं. बुडालेल्यांची भुतं आली, असं समजून कुणी बाहेर पडलं नाही. सकाळी एक परदेशी बाई गारठून मेलेली सापडली. छातीशी बांधलेलं तान्हं मात्र जिवंत होतं. तो शब्द तिचं नाव असेल, म्हणून तेच बाळाला लावलं. ते माझे पणजोबा."

"शब्द ऑग्डाच होता?"

"आजी जरा वेगळं म्हणायची." आत्याने डोळे मिटले. "उघडा... उघडा..."

शर्वाणीने हातातला कप खाली ठेवला.

"तुमच्याकडचं नाव आहे का गं?"

"नाव नाही, आत्या," ती कशीबशी म्हणाली. "ती दार उघडा म्हणून विनवत होती."

 आत्या काठी टेकत उठली, तिने दार सताड उघडलं आणि कुणाला तरी आत येऊ द्यावं तशी बाजूला सरून उभी राहिली.