गोऱ्याचा चेहरा

प्रकाशक सेइबेईने चित्राचा पातळ कागद ठसे कोरणाऱ्या तोकुजीपुढे पसरला. योकोहामाचा रस्ता, घोड्यावर तांबड्या दाढीचा गोरा. वाकून, हसून एका लहान मुलीला फूल देतोय.

तोकुजीच्या हातातली पटाशी थांबली.

"काढणारा योकोहामाला गेलाय का कधी?"

"जायचंय कशाला? परदेशी छापील चित्रावरून उतरवलंय. सगळ्या एदो शहराला गोऱ्यांचं वेड लागलंय. हसू तेवढं नीट कोर बाबा, हसूच खपणार."

"माझ्या पोरीला घोड्याखाली घातलं ते असल्याच एका गोऱ्याने, मालक."

"माहीत आहे रे." सेइबेई उठला. "पण तो राग माझ्या ठशावर काढू नकोस."

तोकुजीने ठशावरच काढला. कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवला आणि दात-ओठ खात कोरत सुटला. हसू छाटलं. ओठांतून सुळे काढले, डोळे वटारले. फुलाच्या जागी चाबूक दिला.

पहिला छाप निघाला. सेइबेई बघतच राहिला. तोकुजी मान ताठ करून उभा. काम जाईल. जाऊ दे!

"अरे, झकास!" सेइबेईने मांडीवर थाप मारली. "हसरे गोरे गल्लोगल्ली मिळतात. राक्षस फक्त आपल्याकडे!"

दुकानापुढे रेटारेटी सुरू झाली. बाया चित्र बघून किंचाळत, मग खिदळत, आणि शेजारणीसाठीही एक घेत. "काय गं बाई हे ध्यान!" एकीने चित्र तोंडापुढे धरून नाचवलं. तोकुजीच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने ते तिच्या हातातून हिसकावलं, मुठीत चुरगाळलं आणि तसाच घरी आला.

त्याची लेक ओनुई चुलीपाशी बसून मुळा चिरत होती. मोडलेला पाय लांब केलेला. त्याने चुरगाळलेला कागद तिच्यापुढे सपाट केला.

"बघ. तोच ना?"

तिने बघितलं. सुरी फळीवर आपटली.

"चेहरा कुणी पाहिलाय, बाबा? मी चिखलात पडून बोंबलत होते आणि तो घोडा दामटत चालला होता. मेल्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. काढायचीच असेल तर त्याची पाठ काढा."