अकराचं ऊन

"उन्हात बसायचं ते कळलं. पण ही काठी कशाला हो, डॉक्टर?" खांबेटे मास्तरांनी विचारलं. ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय, रोज अकरा ते बारा गच्चीवर बसा, इथवर त्यांना पटलं होतं.

"गुडघे दुखतात ना? आधाराला," डॉक्टर चिठ्ठीतून मान वर न करता म्हणाले. त्यांचा दवाखाना मास्तरांच्याच इमारतीत, स्वतःच्या राहत्या घरात होता.

गच्चीवर डॉक्टरांच्या आईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. मास्तर शेजारी खुर्ची टाकून बसले. कावळा आला की काठी आपटायची आणि तो उडाला की अर्धवट वाळलेली एक कुरडई तोंडात टाकायची, असा नेमच झाला. घरी सुनेने मीठ तोडलेलं, इथे चंगळ. पुढे सांडगे आले, बटाट्याचा कीस आला. "मेले कावळे यंदा फारच माजलेत," असं डॉक्टरांच्या आई हळहळल्या की मास्तरही गंभीरपणे मान हलवत.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. "मास्तर, जीवनसत्त्व भरलं! आता ऊन पुरे."

"अरे, एवढ्यात कसं भरलं?" आतून आई ओरडल्या. "साबुदाण्याच्या पापड्या व्हायच्यात अजून! राखायला कोण बसणार?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. मास्तरांना काठीचा उलगडा झाला आणि ते तणतणत उठले. मग पापड्या डोळ्यांपुढे आल्या, तसे गुडघा धरून हळूच पुन्हा बसले.

"हा डावा काही ऐकत नाही बघा, डॉक्टर. अजून पंधरा दिवस ऊन लिहून द्या. काठी आहेच."