शून्याची वाट
राळेगावातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात मीटरनं शून्य दाखवलं की जमीरभाई गिऱ्हाइकाला सांगत, “जळली बाप्पा मोटर.” आज तेच शून्य लेक अलफियाच्या एमएस्सीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मीटरवर आलं. गुरांच्या दवाखान्यातून, वीर्य गोठवायला ठेवतात त्या अतिथंड द्रव नायट्रोजनचा कॅन त्यांनीच आणला होता. अलफियानं स्वतः भाजलेली, अतिथंड झालं की विजेला जराही न अडवणाऱ्या अतिवाहक सिरॅमिकची काळी टिकली त्यात बुडवली आणि मीटरवर विजेच्या रोधाचा आकडा घसरत शून्यावर बसला. “वायरी एकमेकींना चिकटून शॉट झाल्या,” परीक्षक म्हणाले. जमीरभाई मीटरवर वाकले. “मले बी तसंच वाटते, बेटा.” “अब्बा, मले शून्यच तर पायजे होतं!” अलफिया हसली. “शॉट असेल तर गरम झाल्यावरही शून्यच राहील.” तिनं चिमट्यानं टिकली उचलली. बर्फाची साय वितळली, आकडा चढू लागला. परीक्षकांनी खुर्ची जवळ ओढली. “पुन्हा बुडवा बरं.” जन्मभर शून्याला भ्यालेले जमीरभाई मीटरवरच्या आकड्याकडे पाहत पुटपुटले, “उतर, बेटा, उतर.”