सहाव्या मजल्यावरची कुंडी

वरून टपकन थेंब पडला, तो थेट लुसेतबाईच्या नाकावर.

पाऊस म्हणावा, तर पॅरिसवर ऑगस्टचं असं ऊन कोसळत होतं की चौकातली कबुतरंसुद्धा उडायचं सोडून सावलीसावलीने पायी चालत होती. बाईने मान वर केली. सहाव्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली, ओदिलबाईंच्या खिडकीबाहेरची लाल फुलांची कुंडी ठिबकत होती. खिडकीच्या लाकडी झडपा गच्च बंद.

"बशीर, ओदिलबाई भाच्याकडे गेल्यात ना, समुद्रावर? मग ही कुंडी रोज संध्याकाळी ओली कशी?"

"तुम्हीच तर अख्ख्या इमारतीला सांगितलंत, गेल्यात म्हणून," तळमजल्यावरचा फळवाला बशीर कलिंगड कापत म्हणाला. "भूत असेल. माणसं तर सगळी समुद्रात डुंबताहेत."

लुसेतबाई हसली नाही. इमारतीची राखण तिची. लोक सुट्टीवर गेले की त्यांच्या कुंड्यांना पाणी तीच घाली. फक्त ओदिलबाईंच्या त्या खोलीत ती जात नसे. पूर्वी तिथे फेर्नांआजोबा राहायचे. असाच उन्हाळा, अशाच बंद झडपा. म्हातारा सुट्टीवर गेला, असं तेव्हाही तिनेच सांगितलं होतं. मग फुलं सुकलेली बघून ती पाणी घालायला वर गेली, तर म्हातारा आतच. निपचित. तेव्हापासून ऑगस्ट लागला की तिला वरून खोकल्याचा आवाज येई.

पण झडप उघडल्याशिवाय त्या कुंडीपर्यंत हात पोचत नाही. म्हणजे आत कुणीतरी आहे. तिने किल्ल्यांचा जुडगा उचलला. जिन्यात दोनदा पाय मागे आले, तरी चढली.

दार उघडताच भट्टीसारखी धग अंगावर आली. ओदिलबाई पलंगावर पडलेल्या. अंग चटके बसावेत असं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, तोंडाने भलतीच बडबड. लुसेतबाईने झडपा ढकलल्या, चादर नळाखाली भिजवून त्यांच्या अंगावर घातली, पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. मागून आलेल्या बशीरने रुग्णवाहिका बोलावली.

बऱ्याच वेळाने ओदिलबाईंना ओळख पटली.

"भाच्याचा फोनच आला नाही," त्या पुटपुटल्या. "सगळ्यांना सांगून बसले होते, जाते म्हणून. लाज वाटली. रात्रीसुद्धा झडपा उघडल्या नाहीत."

"अहो, फुलांना पाणी घालायला उघडत होतात ना? तेवढंच वारं तरी घ्यायचंत."

"मी कुठली घालते? मला उठवत तरी होतं का? ते आजोबा येतात ना संध्याकाळी, खोकत खोकत, ते घालतात. मी म्हटलं, अहो, मला द्या ते पाणी. तर म्हणाले, 'आधी कुंडीला. लुसेत माणसासाठी जिना चढत नाही, फुलांसाठी चढते.'"